एकास वीसचा चढ, माकडानं नेलेली टेप आणि न आलेलं पार्सल

आमच्या माळ्यावर सात फूट बाय अडीच फुटाचं एक टेबल आहे, त्यावर मी छोट्या रेल्वेचं मॉडेल बांधतोय. बायकोच्या मते ते टेबल नाही, अडगळ आहे. त्याच्या डाव्या टोकाला बार्शी लाइट या जुन्या छोट्या रुळाच्या रेल्वेचा मिरजेचा फलाट बनवून झालाय, कौलारू शेड, पाण्याचा स्टँडपाइप, एक झोपलेलं कुत्रं, सगळं. बार्शी लाइटचं एक बरं होतं, दोन रुळातलं अंतर ७६२ मिलिमीटर, मॉडेल ८७ पट लहान म्हणून त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊच्या आसपास येतं आणि बाजारात ९ मिलिमीटरचा तयार ट्रॅक मिळतो, म्हणजे जवळजवळ खरंच. १९२७ साली ही लाइन मिरजेपर्यंत आली आणि आमच्या लहानपणी त्या गाडीनं पंढरपूरला जायचं म्हणजे दिवस गेलाच, पण तो विषय वेगळा.

उजव्या अर्ध्या भागात मला माथेरान करायचंय. तिथला गेज, म्हणजे रुळांतलं अंतर, ६१० मिलिमीटर. ८७ नं भागलं तर बरोब्बर ७ येतात आणि ७ चा ट्रॅक काय मिळत नाही, ७६ नं भागलं तर ८. म्हणजे ९ च्या ट्रॅकवर एक मिलिमीटरचं खोटं बोलावं लागतं, तेवढं चालतं, सगळं जग बोलतं. दोन स्केल, म्हणजे एक ८७ पट आणि एक ७६ पट लहान, एका टेबलावर नकोत म्हणून मधे डोंगर घालायचा, नजर एकदम दोन्हीकडे जाणार नाही. खरी अडचण उंचीची. गाडी टेबलापासून १५ सेंटीमीटर वर न्यायचीय. माथेरानचा जास्तीत जास्त चढ वीसाला एक, म्हणजे १५ सेंटीमीटर चढायला तीन मीटर ट्रॅक पाहिजे आणि टेबल मुळात सव्वादोन मीटरसुद्धा नाही. मग वळवा गाडी. पण कशी? एकतर खंडाळ्याला पूर्वी होतं तसं रिव्हर्सिंग, म्हणजे टोकाला नेऊन उलट्या तोंडानं वर न्यायची, नाहीतर माथेरानच्या वाटेवर माउंट बेरीला आहे तसा घोड्याच्या नालेसारखा वळसा. सहा महिने झाले कागदावर रेघोट्या मारतोय, शेवटी म्हणलं जाऊन बघूनच येऊ. नोव्हेंबरचा शेवट, पाऊस संपलेला, नेरळवरनं गाडी चालू झालेली. रजा पाच दिवस.

मंगळवार

रिझर्वेशनची गोष्ट आधी सांगतो कारण प्रवास तिथंच सुरू होतो हल्ली. अ‍ॅपवर सगळं भरलं, आणि शेवटी ते नऊ चौकोन आले, "ज्यात ट्रॅफिक सिग्नल आहे ते निवडा". आता मी बाराशे रुपयाच्या सोल्डरिंग आयर्ननं स्वतः सिग्नल बनवणारा माणूस, मला प्रश्न पडला की खांब सिग्नलमधे धरायचा का नाही. माझ्या मते धरायचा. खांबाशिवाय सिग्नल कसला? अ‍ॅपच्या मते नाही. दुसऱ्या वेळी खांब सोडला तर तेही चुकलं. तिसऱ्यांदा जमलं तर ओटीपी आला नाही, आला तेव्हा सेशन संपलेलं, परत पहिल्यापासून नाव वय लिंग बर्थ. शेवटी बायकोनं तिच्या मोबाइलवरनं दोन मिनिटात काढलं आणि काही बोलली नाही, ते न बोलणं जास्त लागतं.

कोयना एक्सप्रेस. खिडकी मिळाली. समोर एक गृहस्थ बसले आणि मिरज ते सातारा रील बघत होते, हेडफोन नाही, आवाज फुल. प्रत्येक रील साधारण सात सेकंद, त्यामुळं एकही गाणं पूर्ण होत नाही, एकही विनोद पूर्ण होत नाही, नुसते तुकडे. मी म्हणलं, "साहेब, आवाज जरा..." तर म्हणाले, "तुम्हाला पण ऐकू येतंय का?" म्हणजे माणूस भांडखोर नव्हता, त्याला खरंच कल्पना नव्हती. बारीक केला आवाज. पुढच्या स्टेशनला त्यांना फोन आला, तो स्पीकरवर घेतला.

आंबळ्यापासून शिंदवण्यापर्यंतचा घाट मला फार आवडतो, भोर घाटासारखा नावाजलेला नाही म्हणून कोणी मोबाइल काढत नाही. गाडी वळण घेत उतरते, बाहेर माळरान, मधेच बोगदा. तिथं मी वहीत एक गोष्ट लिहून घेतली, की बोगद्याच्या तोंडाशी दगड काळा नसतो, वरच्या बाजूला काळा असतो, वाफेच्या इंजिनाच्या काळातली काजळी अजून गेलेली नाही असं वाटतं आणि खाली पाण्याचे पांढरे ओघळ असतात. मॉडेलवाले आम्ही सरसकट काळा रंग फासतो.

पुण्यात उतरून मेट्रोनं आयडियल कॉलनी. मेट्रोबद्दल काही बोलायचं नाही, छान आहे, रिक्षावाल्याला "कोथरूड?" विचारून त्याचं तोंड बघण्यापेक्षा तर फारच छान. पण ताईच्या सोसायटीच्या गेटवर अर्धा तास. (ताई म्हणजे माझी आत्तेबहीण.) वॉचमननं फोटो काढला, नंबर घेतला, अ‍ॅपवरनं वर रिक्वेस्ट पाठवली. ताई देवासमोर बसलेली, मोबाइल चार्जिंगला. दाजी माझ्या डोक्यावर दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभे, मला हात करतायत, "अरे सोडा हो त्यांना, मेव्हणा आहे माझा" म्हणून ओरडतायत आणि वॉचमन म्हणतोय, "सर, अ‍ॅपवर अप्रूव्ह करा." त्या बिचाऱ्याची पण नोकरी आहे. शेवटी दाजींनी खाली येऊन त्याच्यासमोर उभं राहून अ‍ॅपवर मला अप्रूव्ह केलं.

रात्री जेवताना मेसेज. जपानहून मागवलेली एन गेजची, म्हणजे ९ मिलिमीटरच्या ट्रॅकवरची, छोटी चासी (चाकांसकट खालचा सांगाडा), जिच्यावर मला माथेरानचं डिझेल इंजिन बांधायचंय, तिचं पार्सल. "आपलं पार्सल उद्या घरी पोचेल." केवायसीसाठी आधार तीनदा अपलोड करून झालं होतं, म्हणलं चला सुटलं.

बुधवार

सकाळी भाच्याला घेऊन जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत आहे, बाहेरनं बघून कोणाला वाटणार नाही आत काय असेल. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून कायमचं इथं आहे, आधी त्यांचं छोटं शहर प्रदर्शनात मांडलं जायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कॉलेजात होतो आणि त्याच दिवशी माझं वाटोळं झालं असं आई म्हणायची.

शो सुरू झाला की दिवे हळूहळू कमी होतात, गावात रात्र होते, खिडक्या उजळतात, एका बाजूनं वाफेचं इंजिन निघतं, दुसरीकडनं सुळसुळीत बुलेट ट्रेन, डोंगराला रोपवे, सर्कस. सगळे लोक गाड्या बघत होते. मी खाली बघत होतो, म्हणजे गाडी वरच्या लेव्हलला जाते तिथं तिच्याखाली आधार कसे दिलेत ते. आणि कान देऊन आवाज ऐकत होतो. चढाला लागलं की मोटरचा आवाज बदलतो, थोडा जाड होतो. वळणावर चढ असेल तर अजून बदलतो, कारण चाकाची कड रुळाच्या आतल्या बाजूला घासते, ते ओझं वेगळंच. माझं पहिलं इंजिन याच कारणानं माळ्यावर एकाच जागी चाकं फिरवत बसायचं, चार डबे मागे आणि वीसाला एकचा चढ आणि वर वळण, कसं जाईल?

भाचा म्हणाला, "मामा, हे अ‍ॅपवरनं चालवता येतं का?" म्हणलं येतं, हल्ली डिजिटल कंट्रोल असतो, प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता, एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात. तो खूष झाला. मग मी म्हणलं, पण रूळ हातानंच पुसावे लागतात, त्याला अ‍ॅप नाही, दोन दिवस पुसले नाहीत की धूळ बसते, करंट जात नाही आणि गाडी मधेच उभी राहते. त्याचा उत्साह जरा कमी झाला. बाहेर पडताना मात्र म्हणाला, "मामा, सर्कसच्या तंबूत माणसं होती, बघितलंस?" मी बघितली नव्हती. आधार मोजण्यात माझी सर्कस गेली.

दुपारच्या गाडीनं कर्जतकडे. लोणावळा सुटलं की मी दारात, बायको नसली की दारात उभं राहता येतं. हा भोर घाट १८६३ साली सुरू झाला. सुमारे ५५० मीटर चढ, सदतीसाला एक. जेम्स बर्कली मुख्य इंजिनिअर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मधे आल्याआल्या वारला आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिस ट्रेडवेलनं, काम हातात घेऊन दोन इंजिनिअर नेमून पुरं करून घेतलं. आणि खंडाळ्यापाशी ते रिव्हर्सिंग स्टेशन, जे माझ्या डोक्यात सहा महिने घोळतंय. डोंगराचा कडा असा की वळायला जागाच नाही, मग गाडी सरळ टोकापर्यंत न्यायची, इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट्या तोंडानं पुढं निघायचं. १९२९ पर्यंत असंच चाललं, मग विजेच्या गाड्या येणार म्हणून नवा मार्ग काढून ते बंद केलं. पुढच्याच वर्षी दख्खनची राणी धावली.

आता माझ्यासारख्या कमी जागावाल्याला रिव्हर्सिंग म्हणजे वरदान वाटतं. वळण लागत नाही, टेबलाच्या लांबीत झिगझॅग वर जायचं. पण उतरताना दारातनं बघत होतो तेव्हा लक्षात आलं की त्यात एक मेख आहे. प्रत्येक फेरीला इंजिन सोडा, रुळाचा सांधा बदला, इंजिन फिरवा, जोडा. मॉडेलमधे हे सगळं बोटानं किंवा मॅग्नेटनं. पहिल्या दिवशी मजा, चौथ्या दिवशी कंटाळा, आणि पाहुणे आले की तेव्हाच नेमकं डबे जोडणारं कपलिंग सुटत नाही. अनुभव आहे.

उतरताना गाडी मधेच थांबते. बाजूला एक रूळ वर डोंगरात गेलेला दिसतो आणि तिथंच संपतो, ती कॅच सायडिंग. ब्रेक निकामी झालेली गाडी तिकडे वळून चढावर स्वतःच थांबावी म्हणून. सांधा मुळात तिकडेच लावलेला असतो, गाडी आधी थांबून दाखवते की बाबा मी ताब्यात आहे, मग खरा रस्ता मिळतो. डब्यात एकजण वैतागून म्हणाला, "काय फालतूपणा, सारखी थांबवतात." मी त्याला समजावून सांगायला लागलो आणि दोन मिनिटात माझ्या लक्षात आलं की तो मोबाइलवर बोलत होता, माझ्याशी नाही.

कर्जतला वडा खाल्ला, दोन खाल्ले. समोरच्या फलाटाला पुण्याकडे जाणारी गाडी लागली आणि मागनं बँकर इंजिनं येऊन चिकटली, ढकलायला. हे बघायला मी कितीही वेळा उभा राहीन. पुढचं ओढतं, मागची ढकलतात आणि मधले डबे दोन्हीकडनं दाबले जातात, खऱ्या डब्यांचं वजन असतं म्हणून जमतं. मी एकदा माळ्यावर मागनं इंजिन लावलं होतं, वळणावर मधले दोन डबे उडून खाली कपड्याच्या बादलीत.

रात्री नेरळला लॉज. पैसे दिले, चावी मिळायच्या आधी मुलगा म्हणतो, "सर, रेटिंग द्या ना, फाइव्ह स्टार." अरे खोली तर बघू दे. म्हणाला, "नंतर लोक देत नाहीत." प्रामाणिकपणा आवडला, दिले. खोलीत पंख्याचा आवाज एकदम बंद पडायच्या बेतातल्या मोटरसारखा होता.

पार्सलचा मेसेज: "ग्राहक घरी उपलब्ध नाही." बायको दिवसभर घरी होती.

गुरुवार

पहाटेच खिडकीपाशी रांगेत. माझ्या पुढे ठाण्याचं एक कुटुंब, मागे कॉलेजची पोरं, सगळ्यांना एकच भीती, आपल्या नंबरापर्यंत तिकिटं राहतात का. गाडीच एवढीशी, जागा असणार किती? मिळालं तिकीट. तो कागद मी जपून वहीत चिकटवला.

गाडी निघाली. सुरुवातीला मोठ्या लाइनच्या बाजूनं जाते, तेव्हा शेजारनं लोकल गेली तर आपण खेळण्यात बसलोय असं वाटतं, आणि मग डोंगराकडे वळते. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या माणसानं ही लाइन बांधली, वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं, सोळा लाख लागले आणि १९०७ च्या मार्चमधे गाडी सुरू झाली. पहिली इंजिनं जर्मनीची, ओरेनस्टाइन अँड कोपेलची, त्यांचे पुढचे-मागचे अ‍ॅक्सल वळणावर बाजूला सरकायचे, कारण वळणं तशीच आहेत. २००५ च्या पुरात लाइन वाहून गेली, २००७ ला परत आली, मग २०१६ ला बंद, २०१९ च्या पावसात परत खचली, २०२२ च्या ऑक्टोबरात परत नेरळपासून चालू. एवढ्या वेळा उठून उभं राहायचं म्हणजे खायचं काम नाही.

वळणांचं सांगतो. सगळ्यात घट्ट वळण १८.२५ मीटर त्रिज्येचं. ७६ नं भागा, २४ सेंटीमीटर. ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मॉडेलवाल्यालाच कळेल. मेन लाइनचं वळण तीनशे मीटरचं धरलं तरी ७६ नं भागून चार मीटर येतं, कोणाच्या घरात एवढी जागा आहे? म्हणून सगळे मॉडेलवाले वळण खोटं करतात, गाडी कुत्र्यासारखी स्वतःच्या शेपटीमागे फिरते. माथेरान ही अशी लाइन की तिचं खरं वळण खेळण्यातल्या वळणाएवढंच आहे! २४ त्रिज्या म्हणजे ४८ व्यास, आमची पुरणाची मोठी परात बरोबर तेवढी. मी परातीनंच आखतो. दिवाळीत परातीच्या कडेला पेन्सिलीची रेघ सापडल्यावर घरात काय झालं ते लिहीत नाही.

जुम्मापट्टी स्टेशन गेलं. चढ आता कळायला लागला, इंजिन घुमतंय, बाजूनं कोणी चालत गेलं असतं तर गप्पा मारता आल्या असत्या. मग माउंट बेरीचा वळसा. इथं इंजिनिअरसमोर तोच प्रश्न होता, रिव्हर्सिंग करायचं का. त्यांनी भराव घालून नालेसारखा वळसा दिला, रिव्हर्सिंग टाळलं. मी खिडकीतनं डोकं बाहेर काढलं (काढू नये) आणि बघतोय तर आमचंच इंजिन समोरच्या बाजूला, उलट दिशेला तोंड करून, आणि आमच्यापेक्षा जरा वर. त्या जरा वरनंच मन भरलं. २४ सेंटीमीटर त्रिज्येच्या अर्ध्या वळणात साधारण ७५ सेंटीमीटर ट्रॅक, वीसाला एकनं पावणेचार सेंटीमीटर उंची. म्हणजे तेवढ्यातच चौथा हिस्सा चढून होतो. हे कागदावर मला सहा महिने माहीत होतं, पण डोळ्यानं बघेपर्यंत पटत नव्हतं.

ठाण्याच्या काकूंनी विचारलं, "तुम्ही काय मोजताय हो? रेल्वेतले आहात का?" म्हणलं नाही, घरी छोटी रेल्वे आहे. "नातवासाठी?" म्हणलं हो. काय सांगणार.

एकमेव बोगदा आला, वन किस टनेल. एवढा छोटा की अंधारात एकच पापी घेता येईल म्हणून ते नाव. आता डब्यात बारा मोबाइल, बाराही फ्लॅश चालू, पोरं ओरडतायत, व्हिडिओ काढतायत. बोगद्यात इतका उजेड की समोरच्या नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघायचं पण टाळलं. त्या उजेडाचा फायदा मला झाला, आतल्या दगडावर ठिबकणारं पाणी आणि शेवाळाचा नेमका रंग दिसला. हिरवा नाही, तिथलं शेवाळ काळपट पिवळं.

मग वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्टेशनं, आणि माथेरान. अडीच-पावणेतीन तास. उतरल्यावर तोंडात, कानात, वहीत लाल माती.

दुपारी जेवणाच्या ठिकाणी टेबलावर मेनू नाही, क्यूआर. स्कॅन केला तर नेटवर्क नाही. मालक म्हणाले, वायफाय आहे. वायफायचा पासवर्ड? तो मोबाइल नंबर टाकून ओटीपीनं मिळतो. ओटीपीला नेटवर्क पाहिजे. मी आणि मालक दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि मग त्यांनी खिशातनं हात काढून बोटावर मोजून सांगितलं, "पिठलं आहे, भाकरी आहे, अंड्याची भुर्जी आहे." बास की मग!

शुक्रवार

आजचं काम मोजमाप. माउंट बेरीला मधेच उतरता येत नाही म्हणून अमन लॉजकडच्या वाटेवरचं एक वळण धरलं, तिथनं लोक चालतातच रुळाच्या कडेनं. सकाळी साडेसहा, दव पडलेलं, गाडी यायला वेळ. मला पाहिजे होतं एकच, बाहेरच्या रुळापासून भरावाच्या कडेपर्यंत किती जागा सोडलीय. कारण माझं टेबल अडीच फूट रुंद, म्हणजे ७६ सेंटीमीटर, त्यात ४८ ची परात आणि दोन्ही बाजूला कड, ही कड किती त्यावर सगळं अवलंबून.

पाच मीटरची टेप काढून रुळाला हूक लावला, मागे सरकलो, आणि टेप सर्रकन गेली. आधी वाटलं स्प्रिंग तुटली. वर बघतो तर माकड. बिस्किटाचा पुडा बाजूलाच होता, त्याला हात नाही लावला, टेप घेतली. झाडावर जाऊन बसलं, पिवळी पट्टी ओढायचं आणि सोडायचं, ओढायचं आणि सोडायचं, सर्रक, सर्रक. तिसऱ्यांदा पट्टी नाकावर बसली तशी चावलं तिला. दहा मिनिटांनी खाली टाकली ती दरीच्या बाजूला. घोडेवाला एक चालला होता, म्हणाला, "राहू द्या साहेब, परवा एकाचा चष्मा नेला, नंबरचा होता."

मग काय, बूट. माझा बूट २८ सेंटीमीटर, हे मला माहीत आहे कारण ऑनलाइन तीनदा चुकीच्या मापाचे आले तेव्हा मोजून मोजून पाठ झालं. दोन रुळात दोन बूट आणि तीन बोटं, म्हणजे ६१ च्या आसपास, बूट बरोबर आहे याची खात्री झाली. बाहेरच्या रुळापासून कडेपर्यंत तीन बूट. ८४ सेंटीमीटर, ७६ नं भागून एक आणि थोडं. खाली रचलेल्या दगडांची भिंत माझ्या कमरेला, म्हणजे टेबलावर सव्वा सेंटीमीटर. दोन्ही बाजूची कड धरून सगळा वळसा बावन्न सेंटीमीटरच्या आत बसतो, वर चोवीस उरतात, त्यात झाडी येईल, दरीचा थोडा उतार येईल. बसतंय! टाचेला टाच लावून रुळाकडेनं चालणारा माणूस बघून एक पोरगी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "नवस असेल."

खाली यायला ई-रिक्षाला मोठी रांग म्हणून दस्तुरीपर्यंत चालतच, तिथनं शेअर टॅक्सीनं नेरळ, लोकलनं दादर, पलीकडनं ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडला मला बारके एलईडी पाहिजे होते, पिवळसर, स्टेशनच्या दिव्यांसाठी, दहा. दुकानदार म्हणाला, "सौ का पॅकेट आता है." म्हणलं सुटे? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी एक शेंगदाणा मागितलाय. घेतले शंभर, माथेरानला मुंबईपेक्षा जास्त दिवे होणार आता. बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय, पातळ वायरचे दोन रंग. पैसे यूपीआयनं. माझ्या मोबाइलवर गोल गोल फिरतंय, बँकेचा मेसेज आला पैसे गेले, पण दुकानातला स्पीकर बोलेना. दुकानदाराचा माझ्यावर, मेसेजवर, बँकेवर कशावर विश्वास नाही, स्पीकर बोलला की खरं. आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत उभे. पाच मिनिटांनी बाई बोलली. त्यानं लगेच हसून चहा विचारला.

रात्री सीएसएमटीवर महालक्ष्मी. खालचा बर्थ होता, समोरच्या आजींनी विचारलं अदलाबदल करणार का, पण त्यांचाही खालचाच होता, त्यांना दुसरा खालचा पाहिजे होता, खिडकीच्या उजव्या बाजूचा. का ते कळलं नाही. वांगणीच्या आसपास जाग होती, २०१९ च्या जुलैत हीच गाडी इथं पुरात अडकली होती आणि हजारावर लोक बोटीनं काढले होते, ते आठवून पावसाळा नाही हे बरं वाटलं. कर्जतला थांबली, मागनं हलका धक्का बसला. बँकर. झोपेतच हसलो असणार.

शनिवार

मिरज, सकाळ. घरी पोचलो, दार उघडायच्या आधी आतनं आवाज, "अहो, बूट बाहेरच काढा, सगळी माती आणलीय."

आणलीय खरी. बाहेर पायरीवर पेपर पसरला, बूट उलटे धरून आपटले, तळाच्या खाचा खिळ्यानं उकरल्या. वाळलेली लाल माती, दोन चमचे सहज. दुकानात मिळणारी मॉडेलची माती कधी एवढी लाल नसते, तिला मी कुंकू आणि गेरू लावून पाहिलं होतं, सणासारखी दिसायची. ही नुसती पसरली की माथेरान. पण खडे फार, आणि ७६ नं भागलेल्या जगात ज्वारीएवढा खडा म्हणजे मोठा धोंडा. चाळायला पाहिजे होती.

मोबाइल वाजला. "आपलं पार्सल आज घरी पोचेल."

स्वयंपाकघरात गेलो, हळूच. पेपरवर बसून चाळली, एकदा, मग परत एकदा, खाली पिठासारखी बारीक पडायला लागली. आतनं आवाज, "अहो, चहाची गाळणी कुठं दिसली का?"